येईल तेवढंच

संध्याकाळी सात-साडेसातच्या सुमारास डोंबिवली स्टेशनच्या पुलावरून उतरणाऱ्या माणसांचे खांदे बघावेत. थकवा चेहऱ्यावर असतोच, पण खरी हकीकत खांदे सांगतात. एखादीचा उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर वर असतो, कारण पर्स वर्षानुवर्षं त्याच खांद्याला. एखाद्याची मान पुढे आलेली आणि पाठीला पोक, कारण गर्दीत सॅक पोटाशी धरायची सवय. पुष्कळांचे तर दोन्ही खांदे कानांच्या दिशेने चढलेले. गाडी केव्हाच कल्याणकडे निघून गेलेली असते, धक्काबुक्की संपलेली असते, तरी ते खाली येत नाहीत. फडके रोडवर भाजी घेताना, रिक्षाच्या रांगेत, घरी चहाचा कप हातात आल्यावरही ते तसेच.

मीही त्या पुलावरून बरीच वर्षं उतरले. फोर्टात नोकरी आणि डोंबिवलीत घर. मान, खांदा आणि कंबर या तिन्ही ठिकाणी दुखणं कायमचं वस्तीला आलं, तेव्हा आमच्या डब्यातल्या बहुतेक बायका करत तेच मीही केलं. बाम लावला, शेक घेतला, गोळी घेतली आणि दुसऱ्या दिवशी नेहमीची गाडी पकडली. पुढे जी गोष्ट हाताला लागली ती फार साधी होती: अगदी हळू, अगदी थोडी आणि पूर्ण लक्ष देऊन केलेली हालचाल. आपल्याकडे तिला व्यायाम म्हणायलाही लोक चटकन तयार होत नाहीत. माझं मत असं, की ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या या पट्ट्याला तिची जेवढी गरज आहे, तेवढी दुसऱ्या कुठल्याच व्यायामाची नाही.

याचं कारण गाडीत आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली गाडी ठाण्याला पोचली आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणपर्यंत गेले. तेव्हापासून इथल्या घरांची चूल या रुळांवर पेटते. नोकरी, कॉलेज, मोठा दवाखाना, दादरची खरेदी, सगळं गाडीने. माझ्या मनात गाडीबद्दल कृतज्ञताच आहे. पण तिने आपल्या अंगाला जे वळण लावलं, त्याकडे आपण कधी धड पाहिलेलं नाही. गर्दीच्या वेळच्या डब्याचं वर्णन करायला रेल्वेच्या भाषेत 'सुपर डेन्स क्रश लोड' असा शब्दप्रयोग आहे, म्हणजे एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा उभी माणसं. एवढ्या जागेत माणसाला हलता येत नाही, त्याला फक्त स्वतःला आवळून घेता येतं. पोट आत, कोपरं बरगड्यांना चिकटलेली, हनुवटी वर, श्वास वरच्यावर. गाडी वळणावर कलली की अख्ख्या डब्याचे पाय एकदम ताठ होतात.

आणि बसायला मिळालं तरी काय मिळतं? चौथी सीट. तिघांच्या बाकावर चौथ्या माणसाने टेकायचं, ही आपल्या लोकलमधली जुनी माणुसकी. ती मिळाली की देव पावल्यासारखं वाटतं. पण चौथ्या सीटवर बसलेल्या बाईला जरा निरखून बघा. एक मांडी बाकावर, दुसरी हवेत. बाहेरच्या पायावर सगळा भार, त्या पायाची बोटं चपलेत आकसलेली. कंबर एका बाजूला पिळलेली, आतला खांदा शेजारणीच्या मागे दाबलेला, बाहेरचा हात आधार शोधत. दादर ते डोंबिवली पाऊण तास असं बसायचं, आणि उठल्यावर लगेच जिना चढायचा. हे रोज, वर्षाचे बाराही महिने. कंबर दुखते यात नवल नाही. नवल आहे ते याचं, की बसलेली असताना आपली कंबर पिळलेली आहे हे त्या बाईला जाणवतही नाही.

हे न जाणवणं हाच आजाराचा गाभा आहे, असं थॉमस हॅना या अमेरिकन अभ्यासकाने मांडलं. हॅना (१९२८–१९९०) मूळचा तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक. त्याचं 'सोमॅटिक्स' हे पुस्तक १९८८ साली आलं. बाहेरून दिसणारं शरीर आणि आतून जाणवणारं शरीर या दोहोंतल्या दुसऱ्यावर त्याने सगळं लक्ष दिलं. स्नायू पुन्हा पुन्हा एकाच तऱ्हेने आवळला गेला, की काही काळाने तो आवळलेला आहे याचाच मेंदूला विसर पडतो, असं त्याचं म्हणणं. मग त्या स्नायूला 'सैल हो' म्हणून उपयोग होत नाही, कारण हुकूम देणाऱ्याला तो आपल्या ताब्यात आहे हेच ठाऊक नसतं. या विसराच्या त्याने तीन तऱ्हा सांगितल्या. भीतीने किंवा काळजीने अंग पुढे आकसतं, खांदे वर येतात, पोट घट्ट होतं. धावपळीने आणि सतत 'चला, उठा' या ताणाने पाठीचे स्नायू ताठ होऊन कमान मागे वाकते. मार लागल्यामुळे, दुखापतीमुळे अंग एका बाजूला कलतं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला पुस्तकातली चित्रं दिसलीच नाहीत, आमचा डबा दिसला. पोटाशी सॅक धरलेली मुलगी, इंडिकेटरकडे मान उंचावून उभी असलेली मध्यमवयीन बाई, आणि एका खांद्यावर पर्स, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी घेऊन कललेली आमच्या ग्रुपमधली मैत्रीण. हॅनाची मांडणी अजून प्रयोगशाळेत पुरती पारखलेली नाही, पण तिने बघण्याची दृष्टी मिळते, आणि मला तिचा फार उपयोग झाला.

त्याचा उपाय मांजराकडून घेतलेला आहे. झोपून उठलेलं मांजर आधी पाठीची कमान करतं, पाय ताणतं, सगळं अंग एकदा घट्ट करतं आणि मग सावकाश सोडतं. कुत्रंही तेच करतं, तान्हं मूलही. आपण त्याला आळोखेपिळोखे देणं म्हणतो आणि सकाळी अंथरुणात कुणी ते जास्त वेळ दिले तर आळशी ठरवतो. हॅनाने तीच क्रिया पद्धतशीर केली. जो स्नायू आखडलेला आहे तो बळाने ताणायचा नाही. उलट आधी तो जाणूनबुजून थोडा आणखी आवळायचा, म्हणजे मेंदूला त्याची ओळख पटते, आणि मग हळूहळू, थांबत थांबत सोडायचा. सोडून झालं की काही क्षण नुसतं पडून राहायचं. आवळलेला स्नायू ओढला तर तो प्रतिकार करतो, कारण स्नायूंच्या आत ताणाची खबर देणारे बारीक तंतू असतात आणि अचानक ओढ बसली की ते स्नायूला आणखी आवळायला लावतात. हा भाग शरीरशास्त्राच्या साध्या पुस्तकातही सापडतो.

माझ्या वाट्याला मात्र हॅना नंतर आला. आधी आल्या आमच्या ताई. डोंबिवली पूर्वेला एका सोसायटीच्या सभागृहात त्यांचा सकाळचा वर्ग भरायचा. स्वतः सत्तरीच्या पुढच्या, आवाज मऊ, आणि वर्गात घड्याळ नाही. सतरंज्या घालून पाय लांब करून बसायचं आणि पायाच्या बोटांपासून सुरुवात. नुसती बोटं आत, बोटं बाहेर. मग घोटे. मग गुडघ्याची वाटी आवळायची आणि सोडायची, पाय जागचा न हलवता. मग मुठी, मनगटं, कोपरं, खांदे आणि सगळ्यात शेवटी मान. पहिल्या दिवशी शेजारच्या एका तरुण मुलीने विचारलं, "ताई, माझा पाय अजून वर जातोय, नेऊ?"

"जातोय म्हणून नेऊ नकोस गं. येईल तेवढंच. आणि येताना कुठे अडतो ते बघ."

मला वाटलं होतं, वय झालेल्यांसाठी सोपं करून सांगताहेत. तसं नव्हतं. खांद्याच्या चक्राच्या वेळी ते लक्षात आलं. बोटांची टोकं खांद्यावर टेकवायची आणि कोपरांनी मोठं वर्तुळ काढायचं: छातीसमोर कोपरं जवळ, मग वर कानांना लागून, मग मागे, मग खाली. मी भराभर काढत होते आणि वर्तुळ मस्त गोल होतंय असं मला वाटत होतं. ताई मागे येऊन उभ्या राहिल्या, उजव्या फऱ्यावर तळहात ठेवला आणि म्हणाल्या, "इथे तुम्ही गाळताय. वरून मागे येताना कोपर उडी मारतंय. आता इतकं हळू करा, की उडी मारायला जागाच राहणार नाही."

मी केलं. वरून मागे येताना खरोखरच एक जागा अशी होती, की तिथे हात कुठे आहे तेच मला कळत नव्हतं. दुखत नव्हतं, नुसतं कोरं होतं. आणखी हळू गेले तेव्हा दुसरंच काही उमगलं. त्या जागी पोचले की माझे दात एकमेकांवर दाबले जात होते. जीभ टाळूला चिकटत होती. आणि पुढे पसरलेल्या उजव्या पायाची बोटं आत मुडपत होती. खांदा फिरवायला पायाच्या बोटांचं काय काम? काहीच नाही. पण माझं अंग ते करत होतं आणि किती काळ करत आलं असेल कुणास ठाऊक. ताईंनी त्यावर काही उपाय सांगितला नाही. "कळलं ना? आता पुढच्या वेळी बोटांना सोडून द्या," एवढंच म्हणाल्या. पुढच्या फेरीत बोटं सोडली, तर खांदा आपोआप थोडा मोकळा फिरला.

हळू आणि थोडं का करायचं, याला शास्त्राचा चांगला आधार आहे. एकोणिसाव्या शतकात लाइपझिगच्या एर्न्स्ट वेबर या शास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की फरक जाणवणं हे मूळ भारावर अवलंबून असतं. हातात रिकामी वाटी असताना तिच्यात चमचाभर साखर पडली तर कळते. हातात दहा किलो पिठाची पिशवी असताना तोच चमचा पडला तर पत्ता लागत नाही. शरीराचंही तेच. जोर जितका जास्त, तितकं बारकं काही जाणवणं अवघड. जोर कमी केला की दात, जीभ, बोटं यांच्या चहाड्या ऐकू येऊ लागतात. हे तत्त्व मोशे फेल्डेनक्राइस (१९०४–१९८४) यांनी आपल्या पद्धतीचा पायाच केलं. आजच्या युक्रेनमध्ये जन्मलेले फेल्डेनक्राइस इंजिनिअर आणि भौतिकशास्त्रज्ञ, पॅरिसला जोलिओ-क्युरींच्या प्रयोगशाळेत काम केलेले, आणि युरोपात ज्युडो रुजवणाऱ्यांपैकी एक. फुटबॉल खेळताना त्यांचा गुडघा गेला होता, युद्धकाळात तो फार बिघडला. शस्त्रक्रिया यशस्वी होईल याची खात्री नव्हती म्हणून त्यांनी जमिनीवर पडून स्वतःची हालचाल इंच-इंच तपासायला सुरुवात केली आणि परत चालू लागले. पुढे ते शिकवू लागले तेव्हा माणसांना जमिनीवर झोपवूनच धडे देत, कारण उभं राहण्याचं ओझं उतरलं की लक्ष द्यायला मन मोकळं होतं. हॅना त्यांचाच विद्यार्थी.

पण एवढ्या लांब जायची आपल्याला गरज होती का, असं मला राहून राहून वाटतं. ठाण्यात नौपाड्यातल्या घंटाळी भागात ही गोष्ट साठ-सत्तरच्या दशकांपासून शिकवली जाते. घंटाळी मित्र मंडळ आणि त्यामागे उभे राहिलेले योगाचार्य श्रीकृष्ण व्यवहारे, म्हणजे सगळ्यांचे अण्णा, यांनी मुंगेरच्या स्वामी सत्यानंद सरस्वतींची परंपरा ठाण्यात आणली. सत्यानंदांच्या 'आसन प्राणायाम मुद्रा बंध' या १९६९ साली निघालेल्या पुस्तकात आधी येतो तो पवनमुक्तासनांचा क्रम. पादांगुली नमन, गुल्फ चक्र, जानुफलक आकर्षण, मणिबंध नमन, स्कंध चक्र, ग्रीवा संचालन. नावं भारदस्त आहेत, करायचं ते अगदी साधं: एकेक सांधा, श्वासाबरोबर, डोळे मिटून, आत लक्ष ठेवून. नुसता सांधा हलवून ही आसनं पुरी होत नाहीत, हालचाल आतून पाहिली तरच त्यांचा उपयोग, हे त्या परंपरेत पहिल्यापासून बजावलेलं आहे. ठाण्याहून शिकून बाहेर पडलेली माणसं डोंबिवलीत, कल्याणात, बदलापुरात वर्ग घेऊ लागली. आमच्या ताई त्यांतल्याच. ठाण्यात हठयोगी निकम गुरुजींच्या अंबिका योग कुटीरनेही रविवारच्या वर्गांतून नोकरदार माणसांपर्यंत योग नेला. त्याही आधी, १९२४ साली, स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढून आसनांचा शरीरावर काय परिणाम होतो हे यंत्रं लावून तपासायला सुरुवात केली होती. आणि पतंजलींनी तर आसन सिद्ध होण्याचा मार्ग म्हणून प्रयत्न सैल करण्याला मान दिला. म्हणजे हे आपल्या घरचं धन आहे, आपण त्याला अडगळीत टाकलंय.

का टाकलं, तेही मला कळतं. मराठी माणसाच्या मनात व्यायाम म्हटलं की तालीम येते. पेशवाईत बाळंभट दादा देवधरांनी मल्लखांब पुन्हा उभा केला, औंधच्या पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्काराचा ध्यास घेऊन तो घराघरांत नेला. दंड, बैठका, जोर. घाम गळला तरच व्यायाम झाला, असं आमच्या वडिलांचं मत होतं आणि त्या मताचा मला आदर आहे. ज्यांचं अंग दिवसभर शेतात, पायवाटेवर, आखाड्यात मोकळं हलत होतं, त्यांनी बळ कमवावं हे योग्यच. पण गाडीत तास-तास आवळून उभं राहिलेलं, ऑफिसात खुर्चीला चिकटलेलं अंग घेऊन आपण थेट जोर काढायला लागलो, तर त्या आवळलेपणावरच बळ चढतं. मानपाड्याच्या किंवा घोडबंदर रोडच्या जिममध्ये जाणाऱ्या तरुणांना मी जाऊ नका म्हणणार नाही. आधी अंगाची ओळख करून घ्या आणि मग जा, एवढंच म्हणेन. २१ जूनच्या योगदिनी मैदानांवर मोठमोठ्या रांगा लागतात, त्याचाही आनंद वाटतो. फक्त त्या रांगेत डोळे शेजाऱ्याकडे आणि कॅमेऱ्याकडे असतात, आणि ही साधना डोळे मिटल्यावर सुरू होते.

मनाचं काय, असं कुणी विचारलं की मला आमच्या वर्गातले एक काका आठवतात. लोकलचे निवृत्त मोटरमन. लोकल चालवताना मोटरमनला हँडल सतत दाबून धरावं लागतं. हात सुटला की ब्रेक लागून गाडी थांबते, कारण चालवणाऱ्याला काही झालं तर प्रवासी वाचावेत. हजारो माणसांचा जीव तळहाताखाली दाबून धरायचा, नोकरीभर. काकांना निवृत्त होऊन बराच काळ झाला होता, पण त्यांचा तो हात पूर्ण उघडत नसे. बसले असताना, बोलताना, प्रसाद घेतानासुद्धा बोटं अर्धवट मिटलेली. सांधे ठीक आहेत असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मूठ वळा आणि उघडा, या सगळ्यात सोप्या क्रियेला काकांना सर्वांत जास्त वेळ लागायचा. ताई त्यांना उघडायला सांगायच्याच नाहीत. "आधी हवी तेवढी घट्ट धरा काका. तुमचीच मूठ आहे. आता करंगळीपासून एकेक सोडा." काका डोळे मिटून करत राहायचे. काही महिन्यांनी एका सकाळी चहा घेताना ते सहज बोलून गेले, "रात्री जाग यायची ती बंद झाली. हात सुटला की गाडी थांबेल असं वाटून जाग यायची. आता हात उघडा ठेवून झोपतो."

मला यात मनाचं आणि अंगाचं वेगळं खातं दिसत नाही. शरीराच्या आतून येणाऱ्या खबरा, म्हणजे छातीची धडधड, पोटातला गोळा, श्वासाची लय, मेंदूत इन्सुला नावाच्या भागात गोळा होतात, आणि आपल्याला आत्ता कसं वाटतंय हे ठरण्यात त्यांचा मोठा वाटा असतो. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते, हे कुणीही नाडीवर बोट ठेवून पाहू शकतं. उच्छ्वास लांबवला की शरीराला निवांत होण्याची खूण मिळते. शिकागोच्या एडमंड जेकबसन यांनी १९२९ साली स्नायू आवळून मग सोडण्याची क्रमवार पद्धत ग्रंथात मांडली आणि ती आजही चिंतेच्या उपचारात वापरतात. सत्यानंदांची योगनिद्राही शवासनात पडून एकेका अवयवावर मन फिरवायला सांगते. उजव्या हाताच्या अंगठ्यापासून सुरू करून पायापर्यंत. वाटा वेगळ्या, पण दोन्हींना हेच दिसलं, की 'शांत हो' असं मनाला सांगून ते ऐकत नाही, आणि खांदा खाली आला की ते आपसूक थोडं खाली बसतं.

माझ्यापुरतं सांगायचं तर पहिला फरक गाडीतच पडला. एका संध्याकाळी उभी होते, डोक्यावरचं हँडल धरून. गर्दी नेहमीचीच. एकाएकी माझं लक्ष माझ्याच मुठीकडे गेलं. तोल सांभाळायला जेवढं लागतं त्याच्या दुप्पट-तिप्पट जोराने मी ते हँडल आवळलं होतं, नखं तळव्यात रुतत होती. मी पकड थोडी सैल केली. पडले नाही. मग खांदा खाली आला, मग पोट सुटलं आणि श्वास खालपर्यंत गेला. गुडघे किंचित मऊ ठेवल्यावर गाडीचा धक्का कंबरेत बसायच्या ऐवजी पायांतून निघून जाऊ लागला. गर्दी तेवढीच होती. शेजारच्या बाईचं कोपर तिथेच होतं. पण त्या दिवशी मी घरी पोचले तेव्हा मुलावर खेकसले नाही, आणि स्वयंपाकाला लागताना कंबरेला हात लावावा लागला नाही. खांदा पूर्ण बरा व्हायला पुढे पुष्कळ महिने गेले. ते हळूच होणार होतं, आणि तसंच झालं.

अतिशयोक्ती मात्र नको. पाठदुखीवर योगाचा काय उपयोग होतो याचा कोक्रेन या संस्थेने २०१७ साली आढावा घेतला. काहीच व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत तीन आणि सहा महिन्यांनी पाठीच्या कामात लहान ते मध्यम सुधारणा, असा त्याचा निष्कर्ष होता. इतर व्यायामांपेक्षा योग सरस आहे असं त्यातून सिद्ध झालं नाही. त्याच वर्षी अमेरिकन डॉक्टरांच्या एका प्रमुख संघटनेने जुनाट कंबरदुखीत औषधांच्या आधी व्यायाम, योग, ताई-ची असे उपाय करून बघा, असा सल्ला दिला. एवढं मला पुरेसं वाटतं. जो कुणी यातून मधुमेह जाईल, संधिवात मुळापासून बरा होईल असं सांगत असेल, त्याच्यापासून दूर राहावं. हाता-पायाला बधिरपणा किंवा कमजोरी आली, लघवी-शौचावरचा ताबा गेला, पाठदुखीबरोबर ताप आला, पडून मार लागला, तर सतरंजी गुंडाळून आधी डॉक्टरांकडे जायचं. मधुमेह असलेल्यांचा खांदा आखडतो तो नुसत्या सवयीने नव्हे, त्यालाही तपासणी हवी. आणि दुखलं की थांबायचं. 'सहन करा, मोडून निघेल' असं सांगणारा शिक्षक असेल तर वर्ग बदलावा.

एक खंत आहे. आमच्या वर्गात, आणि ठाणे-कल्याणच्या बहुतेक वर्गांत, निवृत्तीनंतरची माणसं दिसतात. पुलावरून उतरणारी तिशी-पस्तिशीची मुलंमुली तिथे नसतात. त्यांना वेळ नाही हे खरं आहे. पाच वाजता उठून डबा, पाणी, मुलांची शाळा, मग सात-बावन्नची गाडी. पण यासाठी तास लागत नाही, कपडे लागत नाहीत, घामही येत नाही. वन बीएचकेच्या हॉलमध्ये सोफा आणि टीव्ही यांच्यामध्ये एक सतरंजी मावते. रात्री झोपण्याआधी तिच्यावर पाठ टेका. गुडघे उभे करा, तळवे जमिनीवर. कंबर जमिनीला हलकेच टेकवा आणि हलकेच सोडा, श्वासाबरोबर, इतकं थोडं की बघणाऱ्याला कळू नये. दात आवळलेत का पाहा. पायाची बोटं पाहा. मग दोन्ही गुडघे थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे, जिथवर सहज जातील तिथवर. दहा मिनिटं झाली की कुशीवर वळून उठा.

आणि सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांना एक विनंती. सभागृह लग्नकार्याला भाड्याने देता, गणपतीत वापरता, एरवी ते कुलूपबंद असतं. आठवड्यातून दोन-तीन रात्री, शेवटच्या गर्दीच्या गाड्या येऊन गेल्यावर, साडेआठ-नऊला ते उघडा. सतरंज्या घाला, पंखे लावा आणि शिकवणाऱ्या एखाद्या ताईंना किंवा काकांना बोलवा. असे शिक्षक ठाण्यात आहेत, डोंबिवलीत आहेत, कल्याणात आहेत, आणि सकाळच्या वर्गाला तरुण माणसं येत नाहीत म्हणून त्यांनाही वाईट वाटतं.